दहा महिन्यांचं मानधन, बारा महिन्यांचं पोट

(मेळाव्यात केलेलं भाषण, बोलले तसंच)



मला भाषण करता येत नाही. मला खिचडी करता येते. वसमत तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं २०१० सालापासून मी 'स्वयंपाकी तथा मदतनीस' आहे. 'तथा' म्हणजे काय ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. पाणी भरणं, भांडी घासणं, वर्ग झाडणं, साहेब आले की चहा ठेवणं, एवढं सगळं त्या एका 'तथा'त बसतं.

पोरांनी मला सांगितलं, मावशी, तुम्ही पैशाचं बोला. तर पैशाचंच बोलते. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं. ते वाचायची माझी ताकद नाही. पण रुपयाचा प्रश्न माझ्याकडंबी आहे, पोराच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलेला. ती वही आज संगं आणलीय.

दिल्लीनं ठरवलं, २००९ च्या डिसेंबरापासून स्वयंपाकिणीला महिन्याला हजार रुपये, आणि तेबी वर्षातले दहाच महिने. उन्हाळ्यात शाळा बंद, चूल बंद, मानधन बंद. दहा हजार भागिले तीनशे पासष्ट. पोरानं करून दिलं, दिवसाला सत्तावीस रुपये. पुढं राज्यानं आपल्याकडचे घालून ते पंधराशे केले, मग २०२३ साली अडीच हजार. आता वर्षाचे पंचवीस हजार, दिवसाला साडेअडुसष्ट. याला पगार म्हणायचं नाही. पगार म्हटलं की किमान वेतन आलं, फंड आला, रजा आली. मानधन म्हटलं की बाई घरून खाऊन-पिऊन सुखी, हौसेनं समाजसेवेला आलेली.

कागदावर खड्डा दोन महिन्यांचा. माझ्या वहीत तो चार महिन्यांचा दिसतो. बघा, गेल्या साली फेब्रुवारीचे पैसे एप्रिलात पडले. मार्च-एप्रिलचे पडले जुलैच्या शेवटाला. मे तर बिनपैशाचा महिना. शाळा जूनात उघडली, पण जून-जुलैचे पैसे सप्टेंबरात. म्हणजे एप्रिलात हातात आलं ते जुलै संपेस्तोवर पुरवायचं. आणि नेमक्या त्याच जूनात वह्या-पुस्तकं, पोरीची कालेजची फी, घरावरच्या पत्र्याचं भोक. वर शाळेच्या भाजीपाल्याचे, तेल-मिठाचे पैसे सरकारकडून उशिरा येतात. तोवर किराणावाला उधारी लिहितो. कुणाच्या नावावर? शाळेच्या नाही. माझ्या.

आमचे मालक वसमतच्या मोंढ्यात हमाली करतात. हळदीचा हंगाम असला की पैसा दिसतो. पाऊस लागला की पोती कमी, आणि माझाबी खड्डा तेव्हाच. दोघांचं मिळून एकदाच कोरडं पडतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर गेले. मजुरी पडली ऑगस्टात. तेव्हापासून उन्हाळ्याला मी सरकारचं नाव सोडून दिलं.

मग म्या काय केलं ते सांगते. आदर्श म्हणून नाही सांगत, काहीजणींना उपयोगी पडेल म्हणून. पहिलं, दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचे थकलेले पैसे एकदम येतात, साडेसात हजार. ते बघून माणसाला वाटतं आपण श्रीमंत झालो. तेव्हाच दोन हजार बाजूला काढते आणि नव्या ज्वारीचा भाव उतरला की एक पोतं घेते. नोट ठेवली तर ती खर्चते. ज्वारी ठेवली तर पाहुणासुद्धा उचलून नेत नाही.

दुसरं, कर्ज. आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीचं मी एकदा घेतलं होतं. मे महिन्यात त्या पोराला म्हटलं, बाबा, शाळेला सुट्टी आहे, हप्त्यालाबी सुट्टी दे. तो हसला. गल्लीतल्या नऊ बाया त्या दिवशी त्याच्यासमोर माझ्या दारात बसून होत्या, माझा हप्ता येईस्तोवर त्यांनाबी उठता येईना. त्यातल्या दोघी अजून नीट बोलत नाहीत. ते फेडलं आणि बचत गटातून दहा हजार घेतले, शेकडा दोननं. गटाच्या वहीत ठराव लिहून घेतला की शाळेत राबणाऱ्या बाईनं मे ते जुलै फक्त व्याज भरायचं, महिन्याला दोनशे. मुद्दल सप्टेंबरापासून. ठरावाला बायांनी सह्या केल्या, एकीनं अंगठा केला. एवढं साधं गणित अडाणी बायांना कळतं. मंत्रालयात कळत नाही.

तुम्ही म्हणाल, हळद काढायला गेलं तर दिवसाला तीनशे मिळतात, मग ही कशाला धरून बसलीस? खरंय. नऊ ते तीन शाळेत गेले की शेतातला दिवस बुडतो. पण हळद काही वर्षभर निघत नाही. आणि दुसरी गोष्ट पैशाची नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे, स्वयंपाकी नेमताना दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. तो आदेश दाखवून मी लागले. पहिला महिनाभर वरच्या आळीची पोरं घरून डबे आणत. मास्तर खाली मान घालून बसायचे. मी काही बोलले नाही, खिचडीला फोडणी जरा जास्त दिली. पोरंच ती, वासावर आली. आता त्यातल्याच एकाचं पोरगं माझ्या हातचं खातं. ती पळी मी तीनशे रुपयांसाठी खाली ठेवीन होय?

पण पळी सोडत नाही म्हणून कमी द्यायचं, हे कुठलं गणित? माझा आजा गावकी करायचा. सांगावे न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचा, आणि सुगीला खळ्यावर पसरलेल्या घोंगड्यात धान्य पडायचं. किती ते गाव ठरवणार, कधी ते गाव ठरवणार. त्याला हक्क म्हणायचे आणि मागायला लावायचे. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढं उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातली आपल्यासारखीच एक स्वयंपाकीण गेली. महिना हजार रुपयांत राबवून घेणं ही वेठबिगारी आहे, घटनेच्या कलम २३ चा भंग आहे, असं त्या कोर्टानं म्हटलं. हिमाचलच्या उच्च न्यायालयानं २०१९ साली दहा नव्हे, बारा महिन्यांचं मानधन द्या म्हटलं. ते कागद वकिलाकडून मराठीत करून घ्या. हे पोरांचं काम. घोषणा तुम्ही चांगल्या देता, एवढंबी करा.

आता आजचं. नियम असा की पंचवीस पोरांपर्यंत एक स्वयंपाकीण, सव्वीस ते शंभरला दोन. आम्ही दोघी आहोत, मी आणि मांगवाड्यातली माझ्याहून धाकटी एक बाई. तिचा नवरा नाही, लेकरं दोन. जूनात पटावर राहतात चोवीस. बाकीची पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला चाललीत, त्यात आपल्या वस्तीतली तिघं आहेत, नावं घेत नाही, बाप इथंच बसलेत. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही दोघीच ठरवा कोण राहणार ते. आम्ही ठरवलं, एकीचं आलं तर साडेबाराशे-साडेबाराशे वाटून घ्यायचं आणि दोघींनी आठवडा-आठवडा चूल धरायची. पण दोन पोरं वाढली तर ते करावं लागत नाही.

पट १५ जूनला लिहितात. त्या तिघांच्या बापांनी सभा संपल्यावर मला भेटून जावं. मी इथंच आहे, चहाच्या पातेल्याजवळ.