'मिस बर्मा' : एका करेन घराण्याची कादंबरी



कामगार चळवळीतल्या माणसाने कादंबरीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. साहित्यशास्त्राच्या कसोट्या आमच्यापाशी नाहीत. परंतु हे पुस्तक वाचून आमच्याच कामातला एक प्रश्न आम्हांला अधिक स्पष्ट दिसला, म्हणून हे धाडस.

पुस्तकाचे नाव 'मिस बर्मा'. शार्मेन क्रेग या अमेरिकन लेखिकेची ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली निघाली. ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला मंडालेचा तुरुंग आठवतो. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' तेथेच लिहिले. पण त्याच देशाच्या पूर्वेकडील डोंगरांत आणि इरावतीच्या मुखाजवळच्या भातखाचरांत राहणारे करेन लोक आपल्या ऐकिवात नाहीत. इंग्रजांनी त्यांना पलटणींत भरती केले आणि ब्रह्मी लोकांची बंडे मोडायला धाडले. धनी निघून गेल्यावर अशा चाकरीची किंमत कोणी चुकती करायची, हा या कादंबरीचा गाभा आहे.

बेनी हा रंगूनमध्ये जन्मलेला आणि कलकत्त्यात वाढलेला ज्यू तरुण. अक्याब बंदरात जकात खात्यात नोकरीला. तेथे त्याला खिन ही करेन मुलगी दिसते. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही, तरी लग्न होते. १९४२ साली जपानी फौजा आल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या ब्रह्मी स्वातंत्र्यसेनेतील लोकांनी करेनांवर सूड उगवला. म्यांगम्या भागात शेकडो माणसे मारली गेली. त्या दिवसांत करेनच बेनीच्या कुटुंबाला आसरा देतात, आणि पुढे बेनी करेनांचा प्रश्न आपलाच मानतो.

युद्ध संपले, इंग्रज निघाले. १९४७ च्या फेब्रुवारीत पांगलाँगला आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला. करेन तेथे केवळ निरीक्षक म्हणून बसले होते. ४ जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्य आले आणि १९४९ च्या जानेवारीअखेर लढाई पेटली. रंगूनलगतच्या इन्सीन येथे करेन सैनिक सुमारे चार महिने झुंजले. १९५० च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पुढारी सॉ बा ऊ जी मारले गेले. कादंबरीतले घरही या धामधुमीत उधळते. बेनी कैदेत पडतो आणि मुलांची ताटातूट होते.

आणि १९५६ साली याच घरातली पंधरा वर्षांची लुइसा 'मिस बर्मा' ठरते! जंगलात करेनांवर गोळ्या चालू आहेत आणि राजधानीत एका करेन आईच्या मुलीच्या डोक्यावर मुकुट चढतो आहे. पाहा, आमच्या राज्यात सर्वांना मान आहे, असे जगाला दाखवायची ही सोय. हा डाव आम्ही ओळखतो. कारखान्यात पगाराचा प्रश्न कुजत ठेवायचा आणि एका कामगाराला हार घालून साहेबांशेजारी खुर्ची द्यायची, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. मान देणे स्वस्त पडते. वाटा द्यावा लागला तर खिशाला हात घालावा लागतो.

यात दोष एकट्या ब्रह्मी माणसाचा, असे आम्ही म्हणणार नाही. १९३० साली रंगूनच्या गोदीत तेलुगू मजुरांनी संप केला, तेव्हा मालकांनी त्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले. संप मिटताच त्यांना काढून टाकले. त्यातून दंगल उसळली आणि शंभरावर माणसे मेली. दोन्हीकडचे उपाशी एकमेकांच्या अंगावर गेले. मालकाच्या केसालाही धक्का लागला नाही. साम्राज्यातही करेन आणि ब्रह्मी यांच्यात हेच घडले.

लुइसा ही लेखिकेची खरी आई. तेव्हा हे घरच्या लोकांचे गुणगान असेल, अशी शंका कोणी घेईल. तसे नाही. आजी-आजोबांच्या संसारातली उणी बाजू लेखिका झाकत नाही. आमची तक्रार निराळी आहे. या कथेत पुढारी आणि अधिकारी भेटतात. पण ज्याच्या भातावर दोन्ही सैन्ये जगली, तो करेन शेतकरी फार मागे उभा राहतो. त्याला पुढे आणले असते तर पुस्तकाचे बळ वाढले असते.

पुढे लुइसा बेन्सन यांनी एका करेन सेनानीशी लग्न केले. १९६५ साली तो मारला गेल्यावर त्यांनी काही काळ त्याच्या सैनिकांचे नेतृत्व केले आणि १९६७ साली त्या अमेरिकेला गेल्या. लढाई मात्र मागे राहिली. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती, २०२१ मध्ये पुन्हा घेतली. १९८४ पासून थायलंडच्या सरहद्दीवर करेन निर्वासितांच्या छावण्या आहेत; तेथे जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुले झाली आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कोणी आपल्यातल्या एकाला उचलून उच्चासनावर बसवले, तर टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण त्याच सभेत उठून विचारावे, की खाली बसलेल्यांच्या वाट्याला काय आले? करेनांच्या वतीने पांगलाँगला हा प्रश्न विचारायला त्यांचा माणूस होता, पण त्याला मत नव्हते.