हाडांचे दुखणे सांगावे कुणाला?



आषाढात मुळशीच्या खोऱ्यात भाताची लावणी चालू असली म्हणजे कुणाची कंबर दुखत नाही? पिरंगुटाहून मुठा, टेमघर करीत घाट चढून लवासाकडे निघावे, तर वाटेत खाचराखाचरातून वाकलेली माणसे दिसतात. दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी सरळ होताना 'आई गं' म्हणणे हे तिथे प्रत्येकाच्या वाट्याला आलेले असते. अशा वेळी एखादी बाई म्हणाली, "माझी मांडी फार ठणकते हो," तर घरची माणसे सहज म्हणतात, "आमची काय दुखत नाही होय?" झालं! विषय तिथेच संपतो.

मंडळी, आज मला सांगायचे आहे ते अशाच, सर्वांच्या दुखण्यात लपून राहणाऱ्या एका दुखण्याविषयी. एच.आय.व्ही.ची लागण होऊन दहा, पंधरा, वीस वर्षे झालेल्या माणसांच्या हाडांचे आणि सांध्यांचे हे दुखणे आहे.

तुम्ही म्हणाल, एच.आय.व्ही. झालेला माणूस वीस वर्षे जगतो? जगतो तर! आपल्या देशात ही लागण प्रथम आढळली ती १९८६ साली, मद्रासेत. त्या काळी या रोगाचे नाव म्हणजे मरणाचे नाव होते. पुढे औषधे निघाली आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारने काही निवडक इस्पितळांतून ती मोफत देण्यास आरंभ केला. आज ही सोय देशभर पोचली आहे. देशात सुमारे २५ लाख माणसे ही लागण घेऊन जगत आहेत आणि त्यांतली सर्वांत अधिक आपल्या महाराष्ट्रात आहेत. २००४ च्या सुमारास तिशीत असलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून गेली. त्यांनी मुले वाढवली, सुना आणल्या, शेती केली. ही फार आनंदाची गोष्ट आहे. आता त्यांच्या हाडांकडे पाहायला हवे, एवढेच.

हाड हे जिवंत असते, बरं का. खाचराचा बांध आठवा. दर पावसाळ्यात बांधाची थोडी माती वाहून जाते आणि शेतकरी नवी माती घालून तो पुन्हा भरून काढतो. गेलेली आणि घातलेली माती सारखी असली, की बांध उभा राहतो. शरीरही असेच जुने हाड काढून नवे भरत असते. एच.आय.व्ही.च्या लागणीमुळे शरीरात आतल्या आत एक मंद धग राहते आणि तिच्यामुळे हाड झिजण्याचा वेग वाढतो. औषध सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता शेकडा २ ते ६ इतकी घटते. नंतर ती घट बरीचशी थांबते. टेनोफोव्हिर नावाचे जे औषध पुष्कळांच्या रोजच्या गोळीत असते, त्याने काही थोड्या जणांच्या मूत्रपिंडातून हाडाला लागणारे फॉस्फेट लघवीवाटे जाऊ लागते. त्यात कृश अंग, विडी-तंबाखू, दारू, बायकांची पाळी जाण्याचे वय आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे न दिसणारे ऊन, यांची भर पडते. बांध हळूहळू रोडावतो. आजार घोड्याच्या पावलाने येतो म्हणतात. हा मात्र मुंगीच्या पावलाने येतो.

मग ओळखायचे कसे? चार खुणा ध्यानात ठेवा. पहिली, जांघेत किंवा खुब्यात दुखणे, मांडी घालून बसता न येणे, लंगडणे. यात कधी कधी खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो आणि आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात ते दिसतही नाही. दुसरी, सर्वांगाची हाडे ठणकणे आणि बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत जोर नसणे. फॉस्फेट कमी झाल्याची ती खूण असू शकते. तिसरी, पाठीच्या कण्यात सतत दुखणे आणि जोडीला ताप किंवा वजन घटणे. इथे मणक्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. चौथी, किरकोळ पडण्याने हाड मोडणे. ठिसूळ झालेले हाड मोडेपर्यंत दुखतच नाही, म्हणून ही खूण फार उशिरा कळते.

आता समजा, मघाची ती मांडी ठणकणारी बाई बाजाराच्या गावी डॉक्टरांकडे गेली. "गुडघा दुखतो," एवढेच ती सांगते. आपण कुठली गोळी रोज घेतो, ते सांगत नाही. गावात कळलं तर? मुलीचं लग्न मोडलं तर? तिची भीती खोटी नाही. पण डॉक्टरांना ठाऊक नसल्यामुळे तीन गोष्टी घडू शकतात. वेदना थांबवणाऱ्या काही गोळ्या-इंजेक्शने टेनोफोव्हिरच्या जोडीला वरचेवर घेतली, तर मूत्रपिंडाला इजा होते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि तिच्या औषधात रिटोनाव्हिर असले, तर ते स्टेरॉइड शरीरातून लवकर निघून जात नाही. तोंड सुजते, साखर वाढते, हाडे आणखी झिजतात. जत्रेत किंवा बाजारात मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, हेही लक्षात असू द्या. तिसरी गोष्ट अगदी साधी दिसते. हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोलुटेग्राव्हिरच्या गोळीबरोबर घेतली, तर डोलुटेग्राव्हिर अंगी नीट लागत नाही. म्हणून डोलुटेग्राव्हिर आधी घ्यावे आणि कॅल्शियम २ तासांनी. कॅल्शियम आधी घेतले असेल तर ६ तास थांबावे. दोन्ही जेवणाबरोबर घेतल्या तरी चालतात. लोहाच्या गोळीलाही हाच नियम.

आणि सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. कुणीतरी कानात सांगते, "त्या गोळ्यांनीच हाडं गेली." मग ती बाई गोळ्याच बंद करते. असे कदापि करू नका! औषध मधून मधून थांबवावे का, हे पाहण्यासाठी ३३ देशांतल्या ५ हजारांहून अधिक रुग्णांची मोठी तपासणी झाली होती. औषध थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू अधिक दिसले, म्हणून २००६ साली ती पद्धत तिथल्या तिथे बंद करण्यात आली. हाडाला त्रास देणारे औषध बदलता येते. टेनोफोव्हिरचाच हाडांवर कमी भार टाकणारा दुसरा प्रकारही आहे. मात्र हा बदल ए.आर.टी. केंद्रातल्या डॉक्टरांनीच करायचा असतो.

तेव्हा दुखणे सांगायचे कुणाला? प्रथम ए.आर.टी. केंद्रात. लवासाच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांना पुण्यात ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाणे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि दुखऱ्या पायाने घाट उतरणे नको वाटते, हे मी जाणतो. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकाहून अधिक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय असते. ती विचारून घ्या. गोळ्या घेऊन लगेच एस.टी. गाठण्याच्या घाईत "दुखतंय" हे सांगायचे राहून जाते, म्हणून ते घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या. रक्त-लघवीच्या तपासणीने मूत्रपिंडाची स्थिती कळते. आणि गावच्या डॉक्टरांनाही गोळीचे नाव सांगा. २०१७ साली झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदा सांगतो, की या लागणीवरून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत आणि रुग्णाच्या संमतीवाचून ही गोष्ट बाहेर फोडता येत नाही. काही शंका असेल तर १०९७ हा दूरध्वनी विनामूल्य आहे.

घरच्या घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. आपल्या मावळची नाचणी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. भाकरी, आंबील, थोडे तीळ, दूध-ताक, सुकट यांनी ही गरज बरीचशी भागते. उघडीप मिळेल तेव्हा हातपाय उघडे टाकून उन्हात बसावे, रोज चालावे. विडी-तंबाखू सोडावी. न्हाणीतल्या दगडावरचे शेवाळ घासून काढावे आणि निसरड्या वाटेवर काठी घ्यावी. काठी घेण्यात कसली लाज?

शेवटी गुरुजनांना एक विनंती. गावात लोक आपला शब्द मानतात. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने ही लागण होत नाही, हे मुलांना सांगा. कुणाला लागण आहे याची चौकशी मात्र करू नका, आणि कुणी विश्वासाने सांगितले तर ते आपल्यापाशीच ठेवा. गावाने तेवढे पथ्य पाळले, तर त्या बाईला डॉक्टरांपुढे आपली गोळी पदराआड लपवावी लागणार नाही. आणि पुढच्या आषाढात घरात कुणी म्हणाले, "माझी मांडी ठणकते," तर "आमची काय दुखत नाही होय?" असे म्हणण्याआधी एकदा विचारा, "कुठं दुखतं? कधीपासून? चल, दाखवून येऊ."