परिचारिकेचा अधिकार

अतिदक्षता विभागातील रोगी आपल्या देहाचा सारा कारभार इतरांच्या स्वाधीन करून पडलेला असतो. श्वासासाठी एक नळी, मूत्रासाठी दुसरी आणि औषधे थेट मोठ्या रक्तप्रवाहात पोचावीत म्हणून मानेतून हृदयाजवळच्या शिरेपर्यंत सरकवलेली तिसरी. या नळ्या त्याला जगवतात. पण याच वाटांनी जंतूही आत शिरतात. त्वचा ही शरीराची तटबंदी; उपचारासाठीच तिला खिंडार पाडावे लागते. मूळ आजार हटत आला असताना रुग्णालयातच जडलेल्या संसर्गाने रोगी दगावावा, याहून विषादाची गोष्ट कोणती?

यावरील उपाय काही नवे नाहीत. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. आदल्या वर्षी त्याच्या विभागात शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी मृत्युमुखी पडल्या होत्या. १८४८ साली हे प्रमाण दीडच्याही खाली आले. तरी त्याच्या सहकाऱ्यांची मने काही वळली नाहीत. आपल्याच हातांनी मृत्यू वाहून नेला, हे कोणत्या वैद्याला मानवेल? सेमेलवाइसपाशी सत्य होते, आज्ञा होती. सहकाऱ्यांना बरोबर घेण्याची कला मात्र त्याला साधली नाही.

ती कला दीडशे वर्षांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी उपयोगास आली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली शिरेत नळी घालण्याच्या पाच गोष्टी एका कागदावर लिहून काढल्या. हात धुवावेत, रोग्याच्या त्वचेवर क्लोरहेक्झिडिन लावावे, रोग्याचे सर्वांग निर्जंतुक चादरीने झाकून आपणही टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालावेत, जांघेतील शीर शक्यतो टाळावी, आणि गरज सरताच नळी काढून टाकावी. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असावे, असेच हे सारे. पण परिचारिकांना महिनाभर नुसते पाहत राहावयास सांगितले तेव्हा आढळले की, एक तृतीयांशाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत डॉक्टर यातील निदान एक पायरी गाळत होते. अज्ञानाने नव्हे, घाईने, सवयीने, आणि कधी हाताशी वस्तू नसल्याने. नळी, चादर, औषध या वस्तू ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागत. त्या साऱ्या एका गाडीत ठेवल्या, तेव्हा निम्मी सबब तिथेच संपली.

खरी नवलाई पुढेच आहे. पायरी गाळली जात असेल तर परिचारिकेने डॉक्टरांना थांबवावे, आणि रुग्णालयाच्या चालकांनी तिच्या पाठीशी उभे राहावे, असे ठरले. ज्यांनी रुग्णालयातील उतरंड जवळून पाहिली आहे, त्यांना या एका वाक्याचे वजन सांगावयास नको.

पुढे मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हीच रीत उचलली. प्रत्येक विभागात एक डॉक्टर व एक परिचारिका यांना म्होरके नेमून शिक्षण दिले गेले. जिथे क्लोरहेक्झिडिन नव्हते, तिथे ते मिळवून देणे हे चालकांचे काम ठरले. एका रोग्याच्या शिरेत एक दिवस नळी राहिली की तो एक नळी-दिवस, असा हिशेब धरतात. अशा हजार नळी-दिवसांमागे रक्तातील संसर्गाची सरासरी ७.७ होती, दीड वर्षात ती १.४ वर आली. हा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्या कागदाच्या नकला निघाल्या.

नकला कागदाच्या निघाल्या, हीच मेख. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात मिशिगनची बरोबरी करण्याचा उपक्रम झाला. तिथेही संसर्ग घटला. पण उपक्रमात अद्याप न शिरलेल्या विभागांतही तो घटतच होता. तेव्हा श्रेय कोणाचे, हे ठामपणे सांगता येईना. तिथल्या विभागांत जाऊन राहिलेल्या समाजशास्त्रज्ञांना अनेक ठिकाणी असे दिसले की, हे काम वरून लादलेले आहे, अशीच कर्मचाऱ्यांची भावना होती. तक्ते भरले गेले, एवढ्याने मने बदलली असे होत नाही. कार्यालयीन कामाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना यात आश्चर्य वाटू नये.

भारतातही २०२० साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या आधारे शिकवताना हात धुण्याच्या पायऱ्या भिंतीवरच्या चित्रावरून दाखवणे सोपे आहे. कठीण आहे ते निराळेच. रात्री दोन वाजता, अनेक रोग्यांची जबाबदारी सांभाळणारी विशीतली परिचारिका ज्येष्ठ डॉक्टरांना “सर, थांबा, हातमोजे बदलायचे राहिले” असे म्हणू शकेल काय? हे वाक्य एकदा ऐकून जिभेवर येत नाही. वर्गात ते मोठ्याने, पुनःपुन्हा म्हणवून घ्यावे लागते. आणि त्याच वर्गात, त्याच बाकावर डॉक्टरांनाही बसवावे लागते; कारण “बरे झाले, सांगितलेत” हे उत्तर देण्याचा सराव त्यांनाही तितकाच हवा.