आपण असं बोलतो का?

कळमेश्वरच्या बाजारात माझ्या वडिलांचं छोटंसं किराणा दुकान होतं. जुम्म्याच्या दुपारी फळ्या लावून ते नमाजाला जात. पायरीवरची गिऱ्हाइकं ‘चाचा येतातच आता’ म्हणत तासभर थांबत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दुकानदार मियाँचं काम मिळालं. मराठीत माझा पहिला नंबर. पण गुरुजींनी बजावलं, मराठी मोडकं बोलायचं. मी तोंड उघडलं की मंडप हसायचा. मीही फुशारलो. वडील मागच्या रांगेत होते. घरी येताना एवढंच म्हणाले, “काम तो अच्छा किया बेटा, पर हम ऐसा बोलते क्या?”

पुढे एका जुन्या फ्रेंच चित्रपटाबद्दल वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला. १९३० साली आंद्रे ह्यूगाँ यांनी ‘लेव्ही आणि कंपनी’ हा विनोदी बोलपट काढला. त्यात ज्यू दुकानदारांवर हसायचं होतं. लेव्ही मंडळींवर नंतरही चित्रपट निघाले. दहाच वर्षांनी, १९४० मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये ज्यूंच्या दुकानांवर तशी पाटी लावणं सक्तीचं झालं. मग दुकानं हिसकावली गेली. जुलै १९४२ मध्ये दोन दिवसांत सुमारे १३ हजार माणसं पकडली गेली. हे त्या चित्रपटामुळे घडलं, असं मी म्हणणार नाही. पण दुकानदाराआधी त्याची जात बघायची डोळ्यांना सवय झालेली असली, की पाटी वाचताना कुणी दचकत नाही.

आपल्या कोकणातही ज्यू होते, बेने इस्रायली. घरात मराठी बोलणारे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नाव वेगळं ठेवलं खरं, पण तेल त्यांच्याकडूनच नेलं. गावांची नावं त्यांची आडनावं झाली.

चेऊलचे ते चेऊलकर. नट डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधल्या जॉन चाचासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये पद्मश्री. ज्यू माणूस ख्रिस्ती चाचा झाला, ‘गोलमाल’मध्ये डॉक्टर केदार झाला. आपण त्यांच्यावर नाही, त्यांच्यासोबत हसलो. त्यांची जात विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

आता वडील नाहीत, दुकानही नाही. शाळेतली पोरं कधीमधी नाटुकलं लिहून दाखवायला येतात. त्यात मारवाडी असतो, मद्रासी असतो, मियाँही असतो. मी काही खोडत नाही. एवढंच सांगतो, बाबांनो, ज्याची नक्कल करता त्याच्या बापाला पहिल्या रांगेत बसवा. तो हसला, तर खुशाल करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)