निकाल कोणाच्या हाती?



रक्त तपासायला दिले की निकालासाठी पुन्हा देवळ्याची खेप घालायची, ही उमराण्याच्या हमालांची आणि खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांची जुनी रड. दुसरी खेप म्हणजे दुसरा खाडा. तेव्हा २०१७ साली राज्य सरकारने एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत सरकारी दवाखान्यांसाठी 'महालॅब' सुरू केली, तपासणी फुकट झाली आणि निकाल मोबाइलवर येऊ लागला, याचे आम्ही स्वागतच करतो. यंत्राचा द्वेष करणारे आम्ही नव्हेत.

प्रश्न एवढाच की, मोबाइल कोणाचा? खिडकीवर नंबर विचारला की बाई गोंधळते. घरात फोन एक, तोही मुलाच्या खिशात. मग ती शेजारणीचा देते, नाहीतर मुकादमाचा. पाठ असलेला नंबर तोच. पुढे थुंकीत क्षय निघाला, तर ते रोग्याच्या आधी मुकादमाला कळते. 'तू उद्यापासून येऊ नकोस', एवढेच तिच्या कानी पडते. एरवी सहा महिन्यांच्या फुकट औषधाने बरा होणारा रोग. नोव्हेंबर २०२४ पासून सरकार आहारासाठी दरमहा १००० रुपयेही देते. पण रोजी आधीच गेली!

१९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी मधल्या माणसाच्या हातून काढून मंडळामार्फत देण्याची सोय केली. मग त्याच्या रक्ताचा हिशेब तरी मधल्या माणसाकडे का जावा? एचआयव्हीपुरता २०१७ चा कायदा आहे. तिथे समुपदेशक रोग्याला समोर बसवून निकाल सांगतो. ती रीत क्षयाला का नसावी?

भाषेचेही तेच. निकाल इंग्रजीत. शाळकरी पोर वाचून सांगते, "आजी, पॉझिटिव्ह आहे, म्हणजे चांगलं!" पोराचे काय चुकले? शाळेत तेच शिकवतात.

आमचे मागणे मोठे नाही. 'हा फोन तुमचा स्वतःचा का?' असे खिडकीवर विचारावे. नसेल तर संदेशात 'निकाल तयार आहे, आशाताईंना भेटा' एवढेच मराठीत लिहावे. रोग निघाला तर तो माणसाने माणसाला सांगावा. आणि छापील कागद मागणाऱ्याला 'मोबाइलवर बघा' म्हणून परत लावू नये.

सोमवारी आम्ही हा अर्ज ग्रामीण रुग्णालयात देणार आहोत. सही करणाऱ्यांनी सभा संपल्यावर थांबावे, अंगठाही चालेल.