वॉरंटीचा माल: दुकानात दिसतो, पण कोणाचा?



आपल्यापैकी पुष्कळांची दुकाने दोन-तीन पिढ्यांची आहेत. आजोबांच्या काळी माल विकला की व्यवहार संपत असे. आज इन्व्हर्टरची बॅटरी किंवा पंप विकला, तरी वॉरंटी संपेपर्यंत तो आपल्या दारात परत येऊ शकतो. मी बँकेत कारकून. दुकानदारांची स्टॉक स्टेटमेंट्स माझ्या हाताखालून जातात. म्हणून एकच गोष्ट सांगतो: वॉरंटीच्या मालाचा हिशेब वेगळा ठेवा.

समजा, दुकानात १० बॅटऱ्या आहेत, प्रत्येकीची खरेदी ६,००० रुपये. चवथीच्या तोंडावर गिऱ्हाईक बंद पडलेली बॅटरी घेऊन येते. कंपनीची वाट पाहायला लावली तर गिऱ्हाईक तुटते, म्हणून आपण आपल्यातली नवी काढून देतो. आता मोजल्या तर बॅटऱ्या १०च भरतात; पण विकण्याजोग्या ९. दहावी निकामी आहे. तेव्हा साठ्यातून ६,००० रुपये कमी करून ते ‘कंपनीकडून येणे – वॉरंटी’ या खात्यावर नावे टाकावेत. ही विक्री नव्हे आणि खर्चही नव्हे. बदली बॅटरी आली की खाते मिटते. दावा फेटाळला गेला, तर भंगाराचे येतील तेवढे सोडून बाकीचा तोटा लगेच दाखवावा.

अशा चार निकामी बॅटऱ्या साठ्यात धरल्या, तर स्टेटमेंट २४,००० रुपयांनी फुगते. २५ टक्के मार्जिन असेल, तर १८,००० रुपयांची उचल नसलेल्या मालावर होते. व्याज मात्र खऱ्या रुपयांत भरावे लागते.

जीएसटीचेही ध्यानात ठेवा. १७ जुलै २०२३ आणि २६ जून २०२४ या दोन परिपत्रकांनी हा विषय बराच स्पष्ट केला आहे. कंपनीने नगास नग दिला आणि वेगळे पैसे घेतले-दिले नाहीत, तर त्यावर कर नाही आणि घेतलेले इनपुट क्रेडिटही परत करावे लागत नाही. आपण कंपनीला बिल करून पैसे घेतले, तर त्या बिलावर कर लागतो. कंपनीने क्रेडिट नोट देऊन आपला कर कमी केला, तर आपण त्या प्रमाणात इनपुट क्रेडिट परत करायचे.

यासाठी संगणकच हवा असे नाही. एक वही पुरते: तारीख, मूळ बिलाचा क्रमांक, जुन्या व नव्या नगाचा सिरियल नंबर, दाव्याचा क्रमांक, बदली माल आल्याची तारीख. जुना नग नेणाऱ्याची सही घ्या. महिनाअखेर रेंगाळलेले दावे वेगळे काढा. ३१ मार्चची वाट पाहू नका.

२०१२ साली आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा धंदा मंदावला म्हणजे काय होते ते डिचोलीने पाहिले आहे. अशा वेळी हातातले भांडवलच दुकान तारते; कंपनीकडे अडकलेले नाही. एकट्या दुकानदाराने विचारले तर कंपनीचा माणूस ‘पुढच्या गाडीला येईल’ म्हणतो. आपण सर्वांनी तारखांसह याद्या एकत्र केल्या, तर संघटनेला लेखी मुदत मागता येईल. त्यासाठी आधी आपल्या वह्या चोख हव्यात.