हृदयातील बंद वाट

ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडची आखणी करताना नगराला मानवी देहाची उपमा दिली. कॅपिटॉल हे त्याचे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, आणि सात प्रकारचे रस्ते म्हणजे रक्ताभिसरण. १९६५ साली भूमध्य समुद्रात पोहत असताना या नगररचनाकाराचा अंत झाला. हृदयविकाराचा झटका आला असावा, असे मानले जाते. त्यांच्याच या नगरात, सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, १९६२ पासून उत्तरेतील नाना प्रांतांचे रुग्ण येत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या अहवालात, हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी 'शंभर टक्के बंद' असल्याचे लिहिलेले असते, आणि ते वाचून घरच्या मंडळींचा धीर सुटतो.

वस्तुतः या शब्दांत दोन अगदी निरनिराळ्या अवस्था लपलेल्या असतात. रोहिणी अकस्मात बंद झाली, तर तो झटका. तेथे मिनिटामिनिटाला मोल असते. परंतु ती तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ बंद असेल, तर गोष्ट वेगळी. मुख्य रस्ता अडला की वाहने गल्लीबोळांतून वाट काढतात, तद्वत शेजारच्या रोहिण्या आडवाटांनी रक्त पोहोचवितात. स्नायू जगतो, मात्र जिना चढताना तेवढे रक्त पुरत नाही आणि छाती आवळून येते.

१९७७ साली झुरिक येथे ग्रुन्त्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने अरुंद झालेली रोहिणी प्रथम रुंद केली. जुना अडथळा त्याहून हट्टी असतो. त्यात चुना साचून तो कठीण बनतो. मनगटातून वा जांघेतून नळी घालून, केसासारखी बारीक तार त्यातून पार करावी लागते. समोरून वाट मिळेना, तर आडवाटेने पलीकडून यावे लागते. ही पद्धत प्रामुख्याने जपानी वैद्यांनी परिपक्व केली. हे काम कित्येकदा काही तास चालते. निष्णात हातांत दहांपैकी आठ-नऊ वेळा यश येते, इतरत्र कमी.

धोकेही लहान नाहीत. तारेने रोहिणीला छिद्र पडले, तर हृदयावरणात रक्त साचून हृदयच दाबले जाते. क्ष-किरणांत दिसण्यासाठी सोडलेले द्रव्य मूत्रपिंडांना बाधते, आणि दीर्घकाळच्या किरणांनी पाठीची कातडी भाजू शकते. अर्ध्यावर थांबण्याचे धैर्य असलेला वैद्य, हाच खरा कुशल म्हणावा.

मग लाभ कोणता? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत छातीतील वेदना कमी झाल्याचे आढळले. आयुष्य वाढते, हे मात्र अशा चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. म्हणून औषधे घेऊनही वेदना उरते काय, तेथील स्नायू जिवंत आहे काय, आणि अशा किती रोहिण्या आपण स्वतः उघडल्या, हे रुग्णाने वैद्याला निःसंकोच विचारावे. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही.